उशाचे खडे

एक पाटी डोळ्यांसमोर आणा. दगडी, लाकडी चौकटीची पाटी. तुमच्यातल्या काहींनी अशी पाटी कधी हातात धरली नसेल, म्हणून सांगते. ती वहीच्या पानापेक्षा थोडी मोठी असते, काळी असते आणि गालाला लावली तर थंड लागते. या पाटीच्या चौकटीला एका कोपऱ्यात भोक आहे. त्यातून सुतळी ओवली आहे आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधली आहे. पाटी एका घराच्या ओटीवर, दाराशेजारी, खिळ्याला टांगलेली आहे.

आता समजा, त्या घरातल्या आजीला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे. हाक मारून उपयोग नाही, तिला ऐकू येत नाही. कानात घालायचं यंत्र तिच्याकडे आहे, पण ते लावलं की डोक्यात भुंगे फिरतात म्हणते आणि डब्यात ठेवून देते. मोबाईलवरची बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत. म्हणून पाटी काढायची, मोठ्या अक्षरात लिहायचं आणि तिच्यासमोर धरायची. ती वाचते, तोंडाने उत्तर देते, आणि मग तुम्ही पाटी पुसून पुढचं लिहिता. पाटीवर दोन-तीन ओळींपेक्षा जास्त मावत नाही. आणि तुम्ही लिहीत असता तेव्हा ती समोर बसून तुमच्या तोंडाकडे बघत असते.

आता सांगा, अशा पाटीवर खोटं लिहिणं सोपं की अवघड?

ही पाटी हन्नाआजीची. कोलाडहून खांबकडे जाताना महामार्ग सोडून आत वळलं की एक लहान गाव लागतं. तिथे पूर्वी इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची बरीच घरं होती. एकेक करून सगळे इस्रायलला गेले. जोसेफ आजोबा आणि हन्नाआजी मात्र राहिले. जोसेफ आजोबा रोह्याला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर गावातल्या मुलांच्या सायकली नीट करून द्यायचे. आजीचे कान गेले तेव्हा ती पाटी त्यांनीच आणली, भोक पाडलं, खिळा ठोकला. रोज सकाळी ते त्यावर पहिली ओळ लिहायचे. बहुतेक वेळा ती ओळ चहाबद्दल असायची.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता जोसेफ आजोबा वारले. गावाबाहेर, ओहोळाच्या पलीकडे त्यांच्या लोकांचं जुनं कबरस्तान आहे. तिथे त्यांना पुरलं. त्यांच्यात कबरीवर नावाचा दगड वर्षभराने बसवतात. तो दगड पेणला एका कारागिराकडे कोरायला दिला होता, वर हिब्रू अक्षरं आणि खाली मराठी. तोवर कबर म्हणजे मातीचा एक लांबट उंचवटा होता, एवढंच.

कबरस्तानाच्या फाटकाची चावी मोरूकडे असायची. मोरू म्हणजे मालूचा आजा. मालू गावातल्या शाळेत चौथीला. तिचे आईवडील हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात काम करायचे आणि तिकडेच राहायचे. मालू इथे आजाजवळ असायची. मोरू तरणा होता तेव्हापासून कबरस्तानातलं गवत कापून आपल्या गुरांना न्यायचा, आणि त्याबदली कुंपण बघायचा, पडलेली कबर लिंपायचा. हे कोणी कागदावर लिहिलेलं नव्हतं. जोसेफ आजोबा आणि तो यांच्यात ठरलेलं होतं. शनिवारी तो तिथे कोयता न्यायचा नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, "त्यांचा सुट्टीचा दिस हाय. मेलेल्या मान्सांना बी सुट्टी नको?"

मालू त्याच्याबरोबर जायची. आजा गवत कापायचा तेव्हा ती शिराईच्या झाडूने जोसेफ आजोबांची कबर झाडायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. जोसेफ आजोबांनी तिची सायकल बसवून दिली होती आणि पैसे मागितले नव्हते. तेव्हा ही झाडलोट तिने आपणहून सुरू केली.

आता मालूचं शेत बघा. भात कापून झालं की आमच्याकडे वाल पेरतात. वाल पेरण्याआधी आणि उगवल्यावरही घरातली पोरं वाकून वाकून शेतातले खडे वेचतात. मालूला चालता येऊ लागलं तेव्हापासून आजाने तिला हेच शिकवलं होतं. माती आपली असेल, तिच्यावर माया असेल, तर तिच्यात खडा राहू द्यायचा नाही. खडे पडून असलेली जमीन म्हणजे कोणी वाली नसलेली जमीन. हे तुमच्या ध्यानात असू द्या, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

मी रोह्याला राहते. शिक्षिकेची नोकरी संपल्यावरही आठवड्यातून दोनदा मालूच्या शाळेत जाते आणि मुलांकडून लिहून घेते. मुलांना लिहायला सांगितलं की ती निबंधाच्या पुस्तकातलं पाठ केलेलं लिहितात. 'माझे आजोबा' म्हटलं की सगळ्यांचे आजोबा पहाटे उठून फिरायला जातात आणि परत येऊन वर्तमानपत्र वाचतात. मी एकदा साईराजला विचारलं, "तुझे आजोबा वर्तमानपत्र वाचतात?"

"नाय बाई. ते झोपतात."

"मग तू असं का लिहिलंस?"

"झोपलेले लिवले तर मार्क देतील काय?"

म्हणून मी पुस्तक बंद केलं आणि खडे आणायला सांगितले. ओंजळभर, गुळगुळीत, बाकावर घरंगळणार नाहीत असे. आमची रीत अशी: जे घडलं ते आधी तोंडाने सांगायचं. प्रत्येक घडलेल्या गोष्टीला एक खडा ठेवायचा. मग खड्यांची ओळ बघायची. कुठला आधी हवा, कुठला नको, दोघांच्या मध्ये एखादा राहून गेला का. खडे हलवून समाधान झालं की मग पेन्सिल उचलायची आणि एकेका खड्याचं एकेक वाक्य लिहायचं. चौथीच्या मुलांना वाक्य खोडायला फार वाईट वाटतं. खडा हलवायला काहीच वाटत नाही.

दुसऱ्या खेपेला मी गेले तेव्हा सगळ्यांत चांगले खडे मालूने आणले होते. चपटे, स्वच्छ, वेगवेगळ्या रंगांचे. सगळ्या वर्गाला पुरले. त्यात एक अगदी पांढरा होता, मधून करड्या रेघेचा. तो साईराजने पटकावला.

"हा माझा पोपटीचा खडा," तो म्हणाला, कारण त्याची गोष्ट पोपटीची होती. शेतात मडक्यात वालाच्या शेंगा शिजवायला ठेवल्या आणि मडकं उघडल्यावर आत शेंगांऐवजी कोळसा निघाला. सांगताना तो आपल्या काकाची एवढी नक्कल करायचा की पांढरा खडा नेहमी खाली पडायचा.

"कुठून आणलेस गं इतके छान?" मी मालूला विचारलं.

"साफ करताना घावले, बाई," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

त्यानंतर एका संध्याकाळी मालू आणि मोरू दूध घेऊन हन्नाआजीकडे गेले. त्या ओटीवर काय झालं ते मालूने मला नंतर सांगितलं, ते असं.

हन्नाआजी दारात उभी होती. रोज ती दुधाचं भांडं पुढे करायची. त्या दिवशी तिने रिकामा हात पुढे केला.

"मोरू, फाटकाची चावी दे."

मोरूला वाटलं, तिला जायचं असेल. त्याने कमरेची चावी सोडून दिली. आजीने ती लुगड्याच्या टोकाला बांधली.

"आता तू तिथं येऊ नको," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ती बोलते ते अर्ध्या गावाला ऐकू जातं. "माझ्या माणसाच्या उशाचे खडे गेले. मी आज कुंपणापाशी उभं राहून बघून आले. एक बी नाय राहिला. माझी नात शीरा इस्रायलहून आली होती, जोनाथन आला होता, ठाण्याची माणसं आली होती, तेवढ्यांनी ठेवलेले. एकेक खडा म्हणजे एकेक माणूस येऊन गेलेला. आमच्याकडं आधी कबरीवर सबज्याची डहाळी ठेवायचे, खड्यांचं ही पोरं तिकडं शिकली. पण शीरानं तिकडच्या समुद्रावरचा खडा पिशवीत घालून इमानातून आणला होता आज्यासाठी. पांढरा. तो बी गेला. फाटकाला कुलूप, चावी तुझ्याकडं. मग कोन घेऊन गेला?"

 मोरूला लिहिता येत नाही. त्याने हात हलवले, मान हलवली. मग खिळ्यावरची पाटी काढून मालूच्या हातात दिली.

"लिव गो. मी नाय घेतलं म्हनून लिव."

मालूच्या हातात दुधाची किटली होती. ती तिने खाली ठेवली. तिला सगळं कळलं होतं. पांढरा खडा म्हटल्याबरोबरच कळलं होतं. तिने मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं: आजाने खडे घेतले नाहीत.

हन्नाआजीने वाचलं. पदराने पाटी पुसली आणि परत मालूपुढे धरली.

"मग कुनी घेतले?"

मालू म्हणाली, तेव्हा पेन्सिल कितीतरी वेळ पाटीवर टेकलेलीच होती. आजा तिच्याकडे बघत होता, हन्नाआजी तिच्याकडे बघत होती. मग तिने लिहिलं: आम्हाला माहीत नाही.

हन्नाआजीने ते वाचलं, पाटी खिळ्याला लावली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दूध ओटीवरच राहिलं.

घरी येताना मोरूने विचारलं, "नीट लिवलंस ना?"

"व्हय आजा."

"मग तिनं दार का लावलं?"

 त्या दिवसापासून मोरू गुरांना ओहोळाच्या अलीकडेच फिरवायला लागला. पलीकडे बघायचा पण नाही. शेजारची पुतळी त्याला म्हणाली, "मोरूदादा, उगा मनाला लावून घेतोस. म्हातारी हाय ती." तो म्हणाला, "म्हातारी हाय म्हनून तर. तिच्या दारात इतकी वरसं मी कधी पायताण घालून चढलो नाय. तिला मी चोर वाटलो."

पुढच्या खेपेला मी शाळेत गेले तेव्हा मुलं आपापले खडे मांडून बसली होती. मालूच्या बाकावर एकही खडा नव्हता.

"बाई, मालूची गोष्ट पळून गेली," साईराज म्हणाला. मुलं हसली. मालू हसली नाही, चिडलीही नाही. मी तिला त्या तासाला काही विचारलं नाही. लिहीत नसलेल्या मुलाला लगेच विचारू नये, असं मला वाटतं. त्याचं बहुतेक वेळा काहीतरी चाललेलं असतं.

मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. मी व्हरांड्यात पायरीवर बसले होते.

"बाई, गोष्टीतला एक खडा मुद्दाम ठेवलाच नाय, तर ती गोष्ट खोटी व्हते काय?"

"कुठला खडा ठेवला नाहीस?"

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "हे सगळेच," आणि वर्गाकडे बोट केलं.

तिने सांगितलं तसं मी ऐकून घेतलं. ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिला म्हणाले नाही की तू चुकलीस. म्हणाले नाही की जाऊ दे. चूक काय ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. खडे उचलणं ही चूक तिला माहीत नसताना झाली होती. पाटीवरची ओळ मात्र तिने माहीत असताना लिहिली होती, आणि त्या ओळीत आजालाही ओढलं होतं.

"मी जाऊन सांगू का हन्नाआजीला?" मी विचारलं.

तिने मान हलवली. "तुमी सांगितलं तर तुमचं व्हईल. मला लिवायला पायजे. पन मला सुचत नाय. पाटी बारकी हाय आनि ती समोर बसून बघते."

"मग मांडून बघू."

मी वर्गातून तिचेच थोडे खडे आणले आणि पायरीवर ठेवले. ती मांडू लागली. तोंडाने सांगायची आणि खडा ठेवायची.

"मी रोज कबर झाडते. मला वाटलं, मातीत खडे नको. शाळेत खडे पायजे होते. म्हनून मी नेले. मला ठाऊक नव्हतं. मी लहान हाय, मला कळत नाय. खडे शाळेत हायत."

"छान. आता तू हन्नाआजी हो," मी म्हणाले. "माझ्या या बाजूला ये. तू ओटीवर बसली आहेस. तुझे खडे गेलेत. समोर एक मुलगी पाटी धरून उभी आहे. तुला सगळ्यात आधी काय कळायला हवंय?"

ती उठून माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. हन्नाआजीसारखी पाठ वाकवून, हात मांडीवर ठेवून. मग तिने खड्यांकडे पाहिलं.

"खडे कुठं हायत," ती म्हणाली.

"आणि तो खडा कुठे ठेवलायस?"

तो अगदी शेवटी होता. तिने तो उचलला आणि पहिला ठेवला. मग तिने बाकीच्यांकडे पाहिलं आणि तिचा हात मधल्या एका लहान खड्यावर थांबला. तो तिने काढून बाजूला ठेवला.

"तो का काढलास?"

"हा 'मी लहान हाय' वाला. हा तिच्यासाठी नाय. माझ्यासाठी हाय."

 इतकी वर्षं मुलांना लिहायला शिकवताना मी जे वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत आले होते, ते ती स्वतःशीच पुटपुटल्यासारखं बोलून गेली होती. तिने आणखी दोन खडे काढले. मग दोन नवे घेतले. एक ठेवताना म्हणाली, "आजाला यातलं कायबी ठाऊक नाय." दुसरा हातात धरून बसली.

"हा कुठला?"

"पाटीवर मी खोटं लिवलं, त्याचा."

"तो लिहायचाच का? खडे परत मिळाल्यावर आजी कदाचित तेवढं विसरेल."

हे मी मुद्दाम विचारलं. तिला काय वाटतं ते मला बघायचं होतं.

"ती इसरंल, बाई," मालू म्हणाली. "पन आजानं मला इचारलं ना, नीट लिवलंस काय म्हनून." आणि तिने तो खडा ओळीत ठेवला.

सुट्टी संपल्यावर तिने वर्गाला सांगितलं की खडे परत द्यायचे आहेत, ते जोसेफ आजोबांच्या कबरीवरचे आहेत.

"बाप रे! भुताचे!" मागून कोणीतरी ओरडलं. खडे पटापट बाकांवरून दूर सरकवले गेले. साईराजच्या हातातला पांढरा खडा फरशीवर पडला.  मग साईराज वाकला, खडा उचलला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"भूत कसलं रे," तो म्हणाला. "त्यांनी माझ्या सायकलची चेन बसवली होती." खडा देताना त्याने तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. "मालू, माझी पोपटीची गोष्ट आता कशानं सांगू?"

"शेतातला आन एक. मी देते तुला."

"पन तो पांढरा नसंल."

"नसंल," मालू म्हणाली.

एकामागून एक मुलं येऊन खडे तिच्या ओढणीत टाकून गेली. शाळा सुटल्यावर ती निघाली तेव्हा मला म्हणाली, "तुमी या, पन ओटीवर नको. रस्त्यावर थांबा." मी तशीच रस्त्यावर, शेवग्याच्या झाडाखाली थांबले. तिथून सगळं दिसत होतं, आणि हन्नाआजीचं तर ऐकूही येत होतं.

मालूने आधी घरी जाऊन मोरूला आणलं होतं. तो यायला तयार नव्हता. ओटीखालीच, अंगणातल्या दगडावर, दुसरीकडे तोंड करून बसला. कशाला आणलंय ते तिने त्याला सांगितलं नव्हतं.

हन्नाआजी ओटीवर वाल सोलत होती. मालूने खिळ्यावरची पाटी काढली आणि लिहून पुढे धरली.

हन्नाआजी वाचताना ओठ हलवते. "खडे माझ्याजवळ आहेत," तिने मोठ्याने वाचलं. तिच्या मांडीवरचं सूप खाली घसरलं. मोरूने मान वळवली.

मालूने पाटी पुसली. दुसरी ओळ.

"मी घेतले. कबर स्वच्छ करायला आणि शाळेसाठी."

पुसली. तिसरी.

"आजाला माहीत नव्हतं."

पुसली. यावेळी तिला वेळ लागला. ती उभ्याउभ्या लिहीत होती, पाटी पोटाशी धरून. मग तिने ती आजीच्या हातातच दिली.

"त्या दिवशी आम्हाला माहीत नाही असं लिहिलं," हन्नाआजीने वाचलं आणि थांबली. पुढचं तिने मोठ्याने वाचलं नाही. पण मला ते ठाऊक होतं. ते मी पायरीवर बघितलं होतं: ते खोटं होतं, मला माहीत होतं.

मोरू दगडावरून उठून उभा राहिला होता.

मालूने ओढणी सोडली आणि खडे आजीपुढे ठेवले. हन्नाआजीने त्यांत बोटं फिरवली, पांढरा खडा शोधून काढला आणि मुठीत धरला.  मग म्हणाली, "कुठला कुनी ठेवला, ते आता नाय कळायचं." ती रागावून बोलली नाही, आणि तरी ते ऐकवत नव्हतं. मालू मान खाली घालून उभी राहिली. 

मग हन्नाआजीने लुगड्याच्या टोकाची गाठ सोडली.

"मोरू, चावी घे."

मोरू जागचा हलला नाही. "मालू, तिला लिव," तो म्हणाला, "मोरूला चावी नको."

मालूने रस्त्याकडे, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, हातही हलवला नाही. तिने पाटी घेतली आणि आजा म्हणाला तेच लिहिलं, त्यात एक अक्षर बदललं नाही. हे लिहिणं तिला आधीच्या सगळ्यापेक्षा जड गेलं असावं.

हन्नाआजीने वाचलं. चावी तिने ओटीच्या कडेला ठेवली, मोरूचा हात पोचेल अशी.

"बरोबर हाय तुझं," ती म्हणाली. "जोसेफ असता तर मला बोलला असता, हन्ना, आधी इचारायचं. मी इचारलं नाय. कुलूप बघितलं, चावी बघितली आणि तुझं नाव घेतलं. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं घेतलं, होय ना? मला ठाऊक हाय मी मोठ्यानं बोलते." ती मोरूकडे बघून म्हणाली, "मोरू, मला माफ कर. तुला काय बोलायचं ते बोल. शिव्या घालायच्या तरी घाल. ही पोर लिवंल, मी वाचीन."

  अंगणात शेवग्याची पानं पडलेली होती, मोरू त्यांच्याकडे बघत राहिला. आजीचे कान गेल्यापासून तो आणि ती एकमेकांशी बोलले होते ते हातवाऱ्यांनी, किंवा जोसेफ आजोबांच्या पाटीवरच्या अक्षरांतून, आणि नंतर मालूच्या. त्याचं स्वतःचं असं त्या पाटीवर कधी काही आलंच नव्हतं. मालू पेन्सिल धरून उभी होती. तो बोलेल ते लिहायला तयार.

"काय सांगू मी तिला," तो शेवटी म्हणाला. "तूच लिव काय ते नीट."

मालूने पाटीकडे पाहिलं. मग तिने पाटी तळहाताने पुसली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि ओटीच्या पायऱ्या उतरून आजापाशी गेली.

"मी नाय लिवनार," ती म्हणाली. "मागं तुझ्या नावानं मी खोटं लिवलं, तुला कळलं बी नाय. आता तू लिव."

"येडी काय गो? मला येतं काय? माज्या हाताला कोयता कळतो, पेन्सिल नाय."

"कोयता बी कुनीतरी शिकवलाच आसंल ना तुला."

ओटीवर हन्नाआजी पुढे वाकून बघत होती. त्या दोघांत काय बोलणं चाललंय ते तिला ऐकू येत नव्हतं, पण तिने घाई केली नाही. पांढरा खडा तिच्या मुठीतच होता.

मालूने आजाला परत त्या दगडावर बसवलं. पाटी त्याच्या गुडघ्यांवर ठेवली. पेन्सिल त्याच्या उजव्या हातात दिली आणि त्याची जाड, कापलेली बोटं एकेक करून तिच्याभोवती बसवली, पहिलीतल्या मुलाची बसवतात तशी. मग त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"आधी तोंडानं सांग," ती म्हणाली, आणि तो काय सांगतो याची वाट बघत थांबली.